टिसाफर्नीसने स्पार्टाच्या खलाशांचा रोज (दिवसाचा पगार) निम्म्यावर का आणला?

प्रश्न असा आहे: अथेन्स आणि स्पार्टा यांचं पेलोपोनेशियन युद्ध चालू असताना सार्डिसचा (आजच्या पश्चिम तुर्कस्तानातला) पर्शियन क्षत्रप, म्हणजे प्रांताधिकारी, टिसाफर्नीस याने इ.स.पू. 412 मध्ये स्पार्टाशी करार केला. खलाशांना माणशी रोज एक ड्राख्मा (ग्रीक चांदीचं नाणं) देतो म्हणाला आणि एक महिना देऊन दर निम्म्यावर आणला. पुढच्या वर्षी राजाचं फिनिशियन (आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्याचं) आरमार आणतो म्हणाला, ते अर्ध्या वाटेपर्यंत आलं आणि तिथूनच माघारी गेलं. मग हा माणूस मुरलेला मुत्सद्दी, अथेन्सने फोडलेला, की नुसताच शब्द फिरवणारा?

या तिन्ही पर्यायांत एक गृहीतक लपलंय: टिसाफर्नीसची मुख्य चिंता ग्रीक होते. ते सोडून द्या. त्याला जाब विचारणारा सुसा या राजधानीत बसलेला पर्शियाचा राजा दुसरा दरायस होता, स्पार्टा नव्हे. त्यामुळे अशा अधिकाऱ्याचं वागणं तपासताना मी आधी तीनच गोष्टी बघतो: वरून हुकूम काय होता, खर्च कोणाच्या थैलीतून होत होता, आणि हुकमातलं कोणतं काम कधी पुरं झालं. स्वभावाचं नंतर.

शब्दाबद्दल एक खुलासा. क्षत्रप आपल्याला परका नाही. नाशिक-जुन्नरच्या लेण्यांतला नहपान ही पदवी लावत होता. हाच जुना पर्शियन शब्द चारपाचशे वर्षांनी आपल्याकडे पोचलेला. (पर्शियन लोक आयोनियाच्या (आशिया मायनरच्या पश्चिम किनाऱ्याच्या) ग्रीकांना ‘यौन’ म्हणत, आपला ‘यवन’ त्याचाच भाऊबंद.) पण आपल्या वर्तमानपत्रांतले ‘प्रादेशिक क्षत्रप’ इथे डोळ्यांसमोर आणू नका. त्यांचा जिल्हा त्यांच्या मुठीत असतो. टिसाफर्नीसची गत एखाद्या सुभेदारासारखी होती: सुभा मोठा, फौज बेताची, आणि वसुली थकलेली.

थकबाकीचं हे प्रकरणच सगळ्याच्या मुळाशी आहे. या युद्धाचा इतिहास लिहिणारा अथेन्सचा थ्युसिडिडीस ते एका वाक्यात सांगतो आणि बहुतेक वाचक ते ओलांडून पुढे जातात. राजाने नुकताच टिसाफर्नीसकडे त्याच्या सुभ्याचा महसूल मागितला होता. किनाऱ्यावरच्या ग्रीक शहरांकडून तो अथेन्सच्या धाकामुळे वसूल होत नव्हता, म्हणून ती रक्कम त्याच्या नावावर बाकी निघत होती. ही शहरं अनेक दशकं आपली खंडणी अथेन्सला भरत आली होती. सुसाच्या दप्तरातून मात्र त्यांची नावं कमी झालेली नव्हती. इ.स.पू. 413 मध्ये अथेन्सचं आरमार सिसिलीत बुडालं आणि ती जुनी खाती पुन्हा उघडली गेली.

दुसरा हुकूम अमॉर्गीसबद्दल होता. आधीचा क्षत्रप पिसुथ्नीस याने बंड केलं होतं. ते मोडायला टिसाफर्नीसला पाठवलं, तेव्हा त्याने पिसुथ्नीसचे ग्रीक भाडोत्री सैनिकच पैसे देऊन फोडले. पिसुथ्नीसचा अनौरस मुलगा अमॉर्गीस मग आयोनियाच्या दक्षिणेला कारियात बंड चालवत राहिला आणि अथेन्सने त्याला पाठिंबा दिला. ही अथेन्सची घोडचूक होती. राजाशी इतकी वर्षं सांभाळलेली शांतता त्यांनी एका बंडखोरापायी घालवली. टिसाफर्नीसला हुकूम होता: अमॉर्गीसला जिवंत पकडून आण, नाहीतर मारून टाक.

म्हणजे कामं दोन, महसूल आणि अमॉर्गीस. दोन्हींच्या आड अथेन्सचं आरमार येत होतं आणि टिसाफर्नीसकडे गलबतं नव्हती. त्याला स्पार्टाची गरज पडली ती इतक्यापुरतीच. त्याचा वकील स्पार्टात पोचला तेव्हा उत्तरेचा क्षत्रप फार्नाबाझस याचीही माणसं 25 टॅलन्ट (चांदीचं मोठं वजन) रोख घेऊन तिथे हजर होती. आरमार आपल्याच किनाऱ्याला यावं म्हणून दोघांची चढाओढ लागली होती. रोज एक ड्राख्माचं आश्वासन याच लिलावात दिलं गेलं. लिलावातली बोली आणि अंदाजपत्रकातली तरतूद यांत जेवढं अंतर असतं, तेवढंच इथेही होतं.

आता पहिला करार वाचा. वाचताना कलमांचा क्रम बघा. आधी येतं की जो मुलूख आणि जी शहरं राजाकडे आहेत किंवा त्याच्या पूर्वजांकडे होती, ती राजाची. लगेच पुढे: या शहरांतून अथेन्सला जो पैसा जात होता, तो राजाने आणि स्पार्टाने मिळून बंद पाडायचा. शेवटाकडे: राजाविरुद्ध बंड करणारा तो स्पार्टाचाही शत्रू. महसूल आणि अमॉर्गीस दोन्ही आले. खलाशांच्या रोजाबद्दल या करारात अवाक्षर नाही. स्पार्टाच्या लोकांनी तोंडी बोलीवर विश्वास ठेवला आणि सही मात्र टिसाफर्नीसच्या कामांच्या यादीवर केली.

त्या उन्हाळ्याच्या अखेरीस पेलोपोनेशियन (स्पार्टा आणि तिच्या मित्रांच्या) आरमाराने इआसोस हे अमॉर्गीसचं ठाणं अचानक गाठून जिंकलं. गावकऱ्यांना वाटलं की ही अथेन्सची गलबतं आहेत, म्हणून ते गाफील राहिले. अमॉर्गीस जिवंत हाती लागला आणि टिसाफर्नीसच्या ताब्यात गेला. गावातले कैदीसुद्धा त्यालाच विकले, डोईमागे एक डॅरिक या ठरलेल्या भावाने. एक डॅरिक म्हणजे साधारण 20 ड्राख्मा. थ्युसिडिडीसच्या कथनात यानंतर लगेच काय येतं? टिसाफर्नीस इआसोसचा बंदोबस्त करतो, आयोनियातल्या मिलेटस शहरात येतो, खलाशांना एक महिन्याचा पूर्ण रोज चुकता करतो, आणि जाहीर करतो की यापुढे तीन ओबोल. पूर्ण ड्राख्मासाठी राजाला विचारावं लागेल. सहा ओबोलचा एक ड्राख्मा, म्हणजे रोज थेट निम्मा. दोन कामांपैकी एक फत्ते झालं आणि त्याच्या पाठोपाठ ही कपात आली. पगारकपातीची चर्चा करताना इआसोसचा उल्लेखच न करणारं विवेचन अर्धवट समजा.

आता आकडेमोड. ती एकदा हाताने केलीत की बरंच काही आपोआप उलगडतं. एका ट्रायरीमवर (वल्ह्यांच्या तीन रांगांचं लढाऊ गलबत) 200 माणसं धरतात. माणशी रोज एक ड्राख्मा, 30 दिवस, म्हणजे 6,000 ड्राख्मा. एक टॅलन्ट 6,000 ड्राख्मांचाच. तेव्हा पूर्ण दराने एका गलबताला महिना एक टॅलन्ट, तीन ओबोलच्या दराने अर्धा. मिलेटसला 55 गलबतांचा हिशेब चालला होता. पूर्ण दराने महिना 55 टॅलन्ट, आठ महिन्यांच्या हंगामाला 440. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस याने पहिल्या दरायसच्या काळातली महसुलाची यादी दिली आहे. तिच्यात आयोनिया, कारिया, लिशिया आणि शेजारचे लोक मिळून वर्षाला 400 टॅलन्ट चांदी भरतात, आणि लिडिया-मिशियाकडचा दुसरा गट 500. वजनं वेगळी आहेत, काळ वेगळा आहे, त्यामुळे तुलना ढोबळच समजा. तरी प्रमाण लक्षात येतं. ज्या किनाऱ्याची वसुली परत मिळवायची, त्याच्या वर्षभराच्या वसुलीइतका खर्च एका हंगामात नुसत्या वल्हेकऱ्यांवर. असा हिशेब घेऊन सुसाला कोण जाईल?

खलाशांच्या बाजूने आवाज उठवला तो स्पार्टाच्या बाजूने लढणाऱ्या, सिसिलीतल्या सिराक्यूझच्या सेनापती हर्मोक्रेटीसने. तडजोड होऊन दर तीन ओबोलच्या थोडा वर गेला. 55 गलबतांना महिना 30 टॅलन्ट असं धरलं तर माणशी सव्वातीन ओबोलच्या आसपास पडतात. मूळ ग्रीक ओळ कशी वाचावी यावर संपादकांत वाद आहे, पण कोणताही पाठ घेतला तरी उत्तर तीनच्या वर आणि चारच्या आत येतं.

थैली कोणाची, हा यापुढचा मुद्दा. पैसे मागायला आलेल्या शहरांना टिसाफर्नीसतर्फे उत्तर मिळत होतं की तो सध्या पदरचे पैसे घालून लढतोय. राजाकडून रक्कम आली की पूर्ण रोज देईल. ही पळवाट वाटते, आणि काही अंशी असेलही. पण पर्शियाचा राजा मोहीम सुरू करताना थोडी रक्कम देतो आणि पुढचं अधिकाऱ्याच्या अंगावर टाकतो, अशी तक्रार इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकसला सापडलेल्या एका ग्रीक इतिहासाच्या पपायरसातही आहे. लष्करी खर्च आधी स्वतः करायचा आणि मंजुरी मागाहून, ही रीत असेल तर प्रत्येक ओबोल अधिकाऱ्याच्या जिवाला लागतो.

इथे कोणी म्हणेल, हे सगळं तर अल्किबियाडीसचं डोकं, म्हणजे अथेन्स सोडून स्पार्टाला मिळालेल्या सेनापतीचं. स्पार्टाचा त्याच्यावर भरवसा उरला नव्हता, तो टिसाफर्नीसकडे आला आणि त्याने सल्ला दिला: रोज कमी कर, तोही अनियमित दे, गलबतांच्या कप्तानांना आणि सेनापतींना चिरीमिरी देऊन गप्प बसव (हर्मोक्रेटीस तेवढा बधला नाही), आणि दोन्ही ग्रीक बाजूंना एकमेकांवर झिजू दे. सल्ला दिला हे खरं. पण थ्युसिडिडीसची या भागातली माहिती अल्किबियाडीसच्या गोटातून आलेली दिसते, आणि त्या गोटात प्रत्येक गोष्टीचं श्रेय एकाच माणसाला जातं. वरची आकडेमोड करायला टिसाफर्नीसला अथेन्सच्या पाहुण्याची गरज नव्हती. अल्किबियाडीसने त्याला दिलं ते समर्थन. पैसे वाचवणं हेच धोरण म्हणून राजापुढे कसं मांडावं, हे त्याने शिकवलं.

करार तीन झाले आणि ते एकमेकांत मिसळले की गोंधळ होतो. दुसऱ्यात राजाच्या मागणीवरून त्याच्या मुलखात आलेल्या सैन्याचा खर्च राजाने करायचा असं प्रथमच येतं. त्याच करारात स्पार्टानेही या शहरांकडून खंडणी घ्यायची नाही, असं कलम आहे. म्हणजे अथेन्स गेलं तरी त्याच्या जागी दुसरा वसुलीदार बसू नये, ही खबरदारी. नंतर लिखास हा स्पार्टाचा प्रतिनिधी आला आणि त्याने ‘पूर्वजांकडे होती’ या शब्दांवर बोट ठेवलं: या हिशेबाने बेटं, थेसली, पार बिओशियापर्यंतचा ग्रीस राजाचा ठरतो. तो बरोबर होता. राजाचा पूर्वज झर्क्सीस तिथवर आलाच होता. टिसाफर्नीस रागाने उठून गेला. तरी इ.स.पू. 411 च्या सुरुवातीला मिअँडर नदीच्या मैदानात तिसरा करार झाला, त्यात राजाचा हक्क आशियापुरताच उरला. तेव्हा ‘स्पार्टाने ग्रीस विकला’ असं विधान दिसलं की कोणत्या कराराबद्दल बोलताय, हे आधी विचारा.

तिसऱ्या करारातलं एक कलम फार मोलाचं आहे, आणि तिथे माझंच म्हणणं अडचणीत येतं. कलम असं: राजाची गलबतं येईपर्यंत सध्याच्या गलबतांचा खर्च टिसाफर्नीस देईल, ती आली की स्पार्टाने आपला खर्च आपण करावा, किंवा टिसाफर्नीसकडून उचल घ्यावी आणि युद्ध संपल्यावर फेडावी. म्हणजे फिनिशियन आरमार आलं असतं तर त्याचा खर्च थांबला असता. नुसता पैसा बघणारा माणूस ते आरमार धावत घेऊन आला असता. प्रत्यक्षात 147 गलबतं आशिया मायनरच्या दक्षिण किनाऱ्यावर पँफिलियातल्या अस्पेंडसपर्यंत आली, टिसाफर्नीस स्वतः तिथे गेला आणि ती परत गेली.

थ्युसिडिडीस इथे लोकांत बोलली जाणारी कारणं देतो: दिरंगाई करून पेलोपोनेशियन बाजू झिजवायची होती, घरी परत पाठवण्याच्या मोबदल्यात फिनिशियन लोकांकडून पैसे उकळायचे होते, किंवा आपल्याविरुद्धची ओरड बंद व्हावी म्हणून आरमार खरंच निघालंय हे दाखवायचं होतं. टिसाफर्नीसची सबब अशी की राजाने सांगितली होती तेवढी गलबतं जमली नाहीत. ती थ्युसिडिडीस सहज खोडतो: कमी खर्चात तेच काम केलं असतं तर राजा जास्तच खूश झाला असता. त्याचं स्वतःचं मत, आरमार आलं असतं तर युद्धाचा निकाल लागला असता आणि टिसाफर्नीसला तोच नको होता. बऱ्याच नंतरचा इतिहासकार डायोडोरस वेगळं कारण देतो. इजिप्त आणि अरबांकडून फिनिशियालाच धोका होता म्हणून गलबतं परत फिरली, असं तो म्हणतो. पण तो क्षत्रपाचं नाव चुकवून फार्नाबाझस लिहितो आणि गलबतं 300 सांगतो, त्यामुळे तज्ज्ञ त्याला जपून वापरतात. मला दोन्ही कारणं एकत्र नांदू शकतात असं वाटतं. आरमार राजाचं होतं. ते परत बोलावण्याचा हुकूम वरून आला असेल तर टिसाफर्नीसच्या हातात फक्त सबब शोधणं उरतं, आणि सबबी तो नेहमीच वाईट शोधायचा.

थोडक्यात, रोज कापण्याचं स्पष्टीकरण पैशात सापडतं, आरमाराचं तेवढ्यात सापडत नाही. दोन्हींना एकच कारण जोडलं की उत्तर सुटसुटीत होतं, पण चुकतं.

आता हे धोरण फसलं कुठे ते बघू. खलाशांना पैसे मिळेनात. मिलेटसमध्ये त्यांनी सेनापती अस्टिओकसला घेराव घातला. त्याने खलाशांची बाजू मांडणाऱ्या थुरीच्या कप्तान डोरिएउसवर काठी उगारली तेव्हा जमाव असा अंगावर धावून गेला की त्याला वेदीचा आसरा घ्यावा लागला. याच वातावरणात मिलेटसच्या लोकांनी टिसाफर्नीसने गावात बांधलेली गढी ताब्यात घेऊन त्याची शिबंदी हाकलली. पुढे क्नीडस आणि अँटँड्रोसमध्येही तेच घडलं. मिलेटसच्या लोकांना लिखासने समजावलं की युद्ध संपेपर्यंत टिसाफर्नीसशी जमवून घ्या. त्यांना ते इतकं झोंबलं की पुढे तो आजारी पडून वारला तेव्हा स्पार्टाचे लोक म्हणत होते त्या जागी त्यांनी त्याला पुरूही दिलं नाही. शेवटी नवा सेनापती मिंडारस 73 गलबतं घेऊन उत्तरेला फार्नाबाझसकडे निघून गेला. ज्याच्याशी चढाओढ करून आरमार मिळवलं, त्याच्याच पदरात ते पडलं. टिसाफर्नीसला महसूल हवा होता. त्यासाठी शहरांत शिबंदी हवी. आणि शिबंदी टिकायला बाहेर पोटभर जेवलेलं मित्र-आरमार हवं. रोज कापून त्याने हा तिसरा दुवाच तोडला.

त्याच दराचं पुढे काय झालं हे बघण्यासारखं आहे. राजाचा धाकटा मुलगा सायरस 500 टॅलन्ट घेऊन सार्डिसला आला. स्पार्टाचा तेव्हाचा सेनापती लायसँडर याने रोज वाढवून मागितला तेव्हा सायरस म्हणाला, करार गलबतामागे महिना 30 मिनांचा आहे. 30 मिना म्हणजे 3,000 ड्राख्मा, अर्धा टॅलन्ट, बरोबर तीन ओबोलचा दर. टिसाफर्नीसने बसवलेला आकडा आता अधिकृत झाला होता. लायसँडरने मेजवानीत एकच ओबोल वाढवून मागितला आणि तो मिळाला. माणशी रोज चार ओबोल, मागची बाकी चुकती, वर महिन्याची आगाऊ रक्कम. टिसाफर्नीसने सायरसला सांगून पाहिलं की दोन्ही बाजूंना झुंजत ठेव. त्याने ऐकलं नाही. इ.स.पू. 405 मध्ये इगोस्पोटामीला अथेन्सचं आरमार संपलं, पुढच्या वर्षी अथेन्स शरण आलं. राजपुत्राला हिशेबाची भीती नव्हती, हा दोघांतला खरा फरक.

इ.स.पू. 401 नंतरच्या टिसाफर्नीसबद्दल वाचताना ते लिहिणारा झेनोफोन कोण होता हे विसरू नका. सायरसने भावाविरुद्ध, म्हणजे दरायसनंतर गादीवर आलेल्या राजाविरुद्ध, बंड केलं, त्याची खबर राजाला टिसाफर्नीसने दिली. कुनाक्साच्या लढाईत सायरस मेला आणि नंतर वाटाघाटीला बोलावून टिसाफर्नीसने सायरसच्या ग्रीक भाडोत्री फौजेचे पाच सेनापती पकडले, वीस कप्तान तिथेच मारले. सेनापतींचाही पुढे शिरच्छेद झाला. झेनोफोन त्याच फौजेत होता. त्याने टिसाफर्नीसला शपथ मोडणारा म्हटलं, आणि त्या प्रसंगापुरतं ते खरंच आहे. पण तोच शिक्का उलटा नेऊन 412 च्या पगारकपातीवर मारता येत नाही. तिथे त्याने निदान ‘राजाला विचारतो’ असं तोंडावर सांगितलं होतं.

इ.स.पू. 395 मध्ये स्पार्टाचा राजा अगेसिलाओस सार्डिसच्या भोवतालच्या लिडियात घुसला. त्याने खरीच दिशा जाहीर केली होती. टिसाफर्नीसला ती हूल वाटली आणि त्याने पायदळ कारियाकडे पाठवलं. सार्डिसजवळ पराभव झाला. राजाने टिथ्रॉस्टीसला पाठवून त्याचं डोकं उडवलं. तेव्हा अथेन्सचा कोनोन राजासाठी आरमार चालवत होता आणि त्याच्या खलाशांचा पगार महिनोन्‌महिने थकला होता. टिथ्रॉस्टीसने त्यांना 220 टॅलन्ट चांदी दिली. ऑक्सिरिंकसचा तोच पपायरस सांगतो, ही चांदी टिसाफर्नीसच्या मालमत्तेतली होती असं लोक म्हणत.